सोजरबाईचे सहा शब्द

"चूल, बाजरी, विहीर, शेरडी, हंडा, बाभूळ."

उत्तरेश्वरनं सहा शब्द सांगितले. मी ते एकापाठोपाठ एक इंग्रजी अक्षरांत टाइप केले आणि बटण दाबलं. पडद्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग सकाळपासून येत होती तीच ओळ पुन्हा आली. शब्द चुकीचे आहेत.

"न्हाई?"

"नाही."

त्यानं वहीतल्या त्या ओळीवर काट मारली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. शाळकरी मुलाची शंभर पानी वही होती. पहिल्या दिवशी तो ती कोरी घेऊन आला होता, आणि आता तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी भरली होती. रोज सकाळी परंड्याहून पहिली एसटी धरून यायचा, आमच्या बार्शीच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर बसायचा आणि आईच्या आयुष्यातले शब्द आठवून आठवून मला सांगायचा. टाइप मी करायची. त्याची बोटं वेल्डिंगच्या कामानं जाड झालेली होती, पण तो टाइप करत नव्हता त्याचं कारण ते नव्हतं. पहिल्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं होतं, "माझ्या हातनं चुकलं तर मला कळायचं न्हाई. तुम्हीच करा मॅडम. तुमच्यावर भरवसा हाये."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

आमची संस्था लहान होती. एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि संगणक. ऐनापुरे मॅडमनी ती सुरू केली होती. आजूबाजूच्या गावांतल्या वयस्क बायकांना बोलतं करायचं, त्यांचं आयुष्य त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं, एवढंच काम. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि हळूहळू सगळंच करू लागले. मॅडम प्रश्न विचारायच्या तेव्हा मी बाजूला बसून कानाला हेडफोन लावून आवाज नीट येतोय का ते बघायची. त्यामुळं त्या बायकांचं बोलणं मॅडमना समोरून ऐकू यायचं आणि मला थेट कानात.

सुरुवातीला सगळं कागदावर उतरवून कपाटात ठेवत होतो. मग एका बाईच्या दिरानं आमच्याकडच्या कुणाच्या तरी ओळखीनं तिचे कागद वाचले. त्या बाईला पंधरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. मॅडम तिला दवाखान्यात भेटून आल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुण्यातल्या एका मैत्रिणीला बोलावून संगणकात एक सॉफ्टवेअर घालून घेतलं. त्यात रेकॉर्डिंग ठेवलं की त्याची बंद पेटी व्हायची. पेटीला सहा शब्दांचं कुलूप. शब्द बरोबर दिले तर बाईचा आवाज, नाहीतर पडद्यावर नुसती एक ओळ, शब्द चुकीचे आहेत. कुलूप फोडायची सोय नव्हती. शब्द विसरले तर ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं त्यांनाही पेटी उघडता येणार नव्हती.

सहा शब्द कोण ठरवणार, असं मी विचारलं.

"ज्या बाईचं बोलणं तिनंच," मॅडम म्हणाल्या. "शालन, कुलूप आपलं, पण किल्ली तिची. तू फक्त टाइप करायचं आणि विसरायचं."

अटी दोनच होत्या. शब्द एकमेकांशी संबंध नसलेले हवेत. देवांची नावं नकोत आणि नवऱ्या-मुलांची नकोत, कारण ती कुणालाही सुचतील. बायका माझ्या कानाशी येऊन शब्द सांगायच्या. बहुतेकांचे मी खरंच विसरले. संध्याकाळपर्यंतसुद्धा डोक्यात राहायचे नाहीत.

सोजरबाईचे सहा मात्र विसरले नाहीत.

ती आली तेव्हा पासष्टीच्या आसपास असेल. काटक, काळीसावळी, डावं मनगट वाकडं जोडलेलं. दोन तास बोलली. उठायच्या वेळी मॅडम खाली गेल्या आणि मी पेटी बंद करायला घेतली. तिनं सहा शब्द सांगितले, मी टाइप केले. मग तिनं त्याच वाकड्या हातानं माझा हात धरला.

"लेकी, हे माज्या उत्तरेश्वरच्या कानावर जायचं न्हाई. बाकीच्यांचं मला काय बी न्हाई. त्याच्या तेवढं जायचं न्हाई."

मी म्हटलं, जाणार नाही.

"शबूद दे."

मी दिला. तिला पेटीच्या नंबराची चिठ्ठी दिली, ती तिनं चोळीत ठेवली आणि जिना उतरून गेली. ते शेवटचंच. पुढं तीन वर्षांनी ती चिठ्ठी घेऊन उत्तरेश्वर माझ्यासमोर उभा राहिला. आई महिन्यापूर्वी गेली म्हणाला. चिठ्ठी ट्रंकेत सापडली होती. ऐनापुरे मॅडम त्याच्या वर्षभर आधीच कॅन्सरनं गेल्या होत्या. ऑफिस सांभाळायला मी एकटीच उरले होते.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पेटी आहे, तुझ्या आईचा आवाज आत आहे, पण सहा शब्द तिलाच ठाऊक होते. मला वाटलं, तो खट्टू होऊन निघून जाईल. तो म्हणाला, "मग मीच शोधतो की. माज्या आईचे शब्द मला न्हाई तर कुणाला सुचणार?"

असे ते तीन दिवस सुरू झाले.

तो शब्द सांगायचा आणि प्रत्येक शब्दामागचं थोडं थोडं सांगायचा. विहीर म्हणजे कुठली विहीर, शेरडीला काय म्हणून हाक मारायची. सोजरबाईला मी दोन तास ऐकलं होतं, पण तिची चूल कोणत्या बाजूला होती ते मला या तीन दिवसांत कळलं. मी प्रामाणिकपणे सगळे शब्द टाइप करत होते. एखादा शब्द बरोबर असायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं कडुलिंब म्हटलं तेव्हा माझं बोट चुकलं आणि मला तो शब्द खोडून पुन्हा लिहावा लागला. त्याचं लक्ष वहीत होतं. पण एक शब्द बरोबर येऊन काही होत नाही. सहाही हवेत, तेही त्याच क्रमानं.

रोज घरी जाताना मी स्वतःला बजावायची, उद्या तो येणार नाही. सकाळी ऑफिस उघडायला जावं तर तो जिन्यावर बसलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा मागवला. तो वही मिटून खिडकीशी गेला. आमच्या खिडकीतून एसटी स्टँडचा पत्रा दिसायचा.

"हितंच हरवलो होतो मी," तो म्हणाला.

मी कीबोर्ड बाजूला सारला.

पाच वर्षांचा होतो, म्हणाला. आई मला घेऊन सरकारी दवाखान्यात आली होती, हाताचं प्लास्टर काढायला. येताना स्टँडवर गर्दीत हात सुटला. चौकशीच्या खिडकीखाली मी बसून राहिलो. एका कंट्रोलरनं बिस्किटं दिली. आई दिवसभर सगळी बार्शी पालथी घालत होती. पाण्याचा थेंब घेतला नव्हता तिनं. संध्याकाळी सापडलो तेव्हा माझ्यापुढं मटकन खाली बसली. आमच्या घरात पाव्हणं आलं की ही गोष्ट निघायचीच. आत्या सांगायची, काका सांगायचे. लग्नात माझ्या बायकोलाही सांगून झाली.

"आई सांगायच्या का?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"न्हाई. ती उठून आत जायची."

चहा आला. त्यानं बशीत ओतून घेतला. मी माझा तसाच ठेवला. कारण त्या दिवसाची हकीकत मी सोजरबाईच्या तोंडून ऐकली होती, हेडफोन लावून, अगदी तिचा श्वास कानाला लागावा इतक्या जवळून.

हात सुटला नव्हता. तिनं सोडला होता.

प्लास्टर निघालं होतं, मनगट वाकडं राहिलं होतं. ते मोडलं होतं नवऱ्यानं, आणि घरी जाऊन उद्या पुन्हा तेच होणार होतं. परंड्याच्या गाडीला वेळ होता. समोर सोलापूरची गाडी लागली. तिनं पोराला चौकशीच्या खिडकीखाली बसवलं, हलायचं न्हाई म्हणून सांगितलं, आणि गाडीत जाऊन बसली. का बसली ते तिला गाडी हलेपर्यंत कळलं नाही म्हणाली. वैरागला उतरली. तिथं रसाचं गुऱ्हाळ होतं. तिनं एक ग्लास रस घेतला. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी विकत घेतलं होतं. ग्लास हातात घेऊन कडुलिंबाखाली गेली, चपला काढल्या आणि तीन तास तिथं बसली. चरकाला घुंगरू बांधलं होतं, ते वाजत होतं. खाली गारवा होता. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवी दिली नाही. "बाई, म्या सुखात हुते," ती मॅडमना म्हणाली. "पोर तिकडं बसलंय हे ठावं असून म्या सुखात हुते. हे पाप कुटं ठिवू?"

आणि हेच त्याला कळायला नको होतं. तिनं दिलेले सहाही शब्द त्या तीन तासांतले होते. रस, घुंगरू, कडुलिंब, चप्पल, गारवा, परत. मॅडमनी एकमेकांशी संबंध नसलेले शब्द द्यायला सांगितलं होतं. कुणालाही ते तसेच वाटले असते.

उत्तरेश्वरनं बशी खाली ठेवली.

"शेवटी लई हाल झाले तिचे," तो म्हणाला. "अर्धं अंग गेलं. वाचा गेली. आठ दिवस नुसती बघायची. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं, डोळ्यानंच. तोंड हलवायला लागली. मी कान लावला. रस म्हणाली."

मी चहाचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला.

"पोरीला धाडून रस आणला मी. चमच्यानं पाजला तर तिनं थुंकून टाकला. डोक्यानं न्हाई न्हाई केलं. परत रस म्हणाली. मग घुंगरू म्हणाली. दोन-तीन डाव तेच. रस, घुंगरू. पुढचं काय फुटलंच न्हाई तोंडातनं. भाऊ म्हणाला, आता भ्रम झाला, त्रास देऊ नका तिला."

खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल इंजेक्शनाला भिऊन रडत होतं. ते मला आजही ऐकू येतं. कारण त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं. सोजरबाईनं मन बदललं होतं. मला शब्दात बांधून गेलेली बाई मरताना स्वतःच त्याला किल्ली देत होती, आणि दोन शब्दांवर तिची जीभ थांबली होती. उरलेले चार माझ्याजवळ होते. मी फक्त टाइप करायचं होतं.

तो माझ्याकडं बघत होता.

"मॅडम, तुम्हीच टाइप केले होते ना तवा?"

"हो."

"मग तुम्हाला आठवत असतील."

त्यानं हे आरोप म्हणून विचारलं नव्हतं. तोवर त्याला ते सुचलंच नव्हतं, आणि आता सुचल्यावर चेहऱ्यावर आशा दिसत होती.

मी त्याच्याकडं बघितलं. तिशीचा बाप्या, डोळ्यांच्या कडा वेल्डिंगच्या उजेडानं लाल झालेल्या. आईनं दिवसभर पाणी न पिता आपल्याला शोधलं, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस उभा आहे, असं मला वाटलं. ती मी कशी काढून घेऊ? शिवाय मी शब्द दिला होता. मरताना माणूस काहीही बरळतं, असंही मी मनात म्हणून घेतलं, ते खोटं आहे हे माहीत असताना.

"नाही आठवत," मी म्हटलं. "इतक्या बायका येतात. आणि विसरायचं असाच नियम होता आमचा."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

त्यानं मान हलवली. मग रस आणि घुंगरू हे दोन शब्द घालून बघू का, असं त्यानंच विचारलं. मी बरं म्हटलं. त्या दोन शब्दांपुढं त्यानं चार-चार शब्द लावून बघितले. बैल, पोळा, गूळ, ऊस, काकवी, शिंग. मी एकूण एकवीस वेळा टाइप केले आणि एकवीस वेळा ती ओळ आली. माझे हात त्या दिवशी जराही थरथरले नाहीत, याचं मला नंतर फार आश्चर्य वाटलं. पाच वाजता त्यानं वही पिशवीत घातली. माझा फोन नंबर घेतला, स्वतःचा दिला. काही आठवलं तर कळवा म्हणाला. जिन्यावरून वळून नमस्कार केला.

पुढच्या वर्षी संस्थेचा निधी थांबला आणि ती बंद झाली. संगणक एका शाळेला द्यायचा ठरलं. त्याआधी त्यातलं सगळं पुसून टाकावं लागणार होतं, कारण बायकांना तसं लिहून दिलं होतं. मी त्या पेट्या एखाद्या पेन ड्राइव्हवर ठेवू शकले असते. ठेवल्या नाहीत. सोजरबाईची पेटी पुसली गेली तेव्हा मला हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. वाटलं, सुटले. आता कुणी येऊन विचारलं तरी दाखवायलाच काही नाही.

पण पेटी गेली तरी शब्द गेले नाहीत. बँकेत, गॅसच्या नोंदणीत, मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मला, जिथं जिथं पासवर्ड मागतात तिथं तिथं माझी बोटं आधी तेच टाइप करायला जातात. भाजी निवडताना, केस विंचरताना कानात तिचा आवाज सुरू होतो. सुरुवातीला ती गाडीत बसली, रस प्याली, सुखात होती, एवढंच ऐकू यायचं. नंतर पुढचंही यायला लागलं. ते मी त्या दिवशीही ऐकलं होतं, पण पोर टाकून गेली या एका गोष्टीनं माझे कान इतके भरून गेले होते की पुढचं नुसतं आवाज म्हणून आत गेलं असावं. मॅडमनी तिला विचारलं होतं, मग परत का आलात? हेडफोनमध्ये पंख्याची घरघर येत होती. मग तिनं सांगितलं.

गेल्या वर्षी मी नवा फोन घेतला. जुन्यातले नंबर नव्यात उतरवताना त्याचं नाव आलं. दोन दिवस मी फोन उघडून ते नाव बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लावला. नंबर तोच होता. त्यानं मला आवाजावरून ओळखलं.

मी म्हटलं, "उत्तरेश्वर, मला ते शब्द आठवत होते. तेव्हाही आठवत होते. मी खोटं बोलले."

मागं लोखंड घासल्याचा आवाज येत होता, तो त्यानं कुणाला तरी सांगून बंद करवला.

"मग आता लावता का? फोनवरच ऐकतो मी."

पेटी उरली नाही हे मी सांगितलं. त्यानं मोठा श्वास सोडला. मी घाईघाईनं म्हटलं, तुमच्या आईंना मी शब्द दिला होता. तुम्हाला स्टँडवरचं काही कळू नये म्हणून.

"स्टँडवरचं काय, मॅडम? ती गाडीत बसली ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला दिसत होतं की ते," तो म्हणाला. "पाच वर्साचा होतो, आंधळा नव्हतो. खिडकीला बसली होती. माझ्याकडं बघत होती. गाडी गेली. मी कुणाला बोललो न्हाई. सगळे हरवला हरवला म्हणाले, म्हटलं बरंय. तिच्यासमोर तर कधीच न्हाई बोललो." मग जरा थांबून म्हणाला, "मला ती गेली कशी ते नको होतं. ती आली कशाला ते पायजे होतं. कुणी धाडली का, गाडीच मिळाली न्हाई का, का काय. तिच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं."

मला ते पाठ होतं. मी ते तिच्याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडं न करता सांगितलं. तिला कुणी धाडलं नव्हतं. सोलापूरची गाडी दोनदा समोरून गेली होती. "लगीन दुसऱ्यांनी लावलं, पोरं झाली ती होत गेली, घर सासऱ्यानं दाखवलं ते घर. मला कुणी कधी विचारलंच न्हाई. त्या दिशी झाडाखाली पयल्यांदा माजं मीच मला विचारलं, काय पायजे तुला? आन मंग म्या चपला घातल्या. बाकी समदं माज्यावर येऊन पडलं, बाई. त्याला तेवढं म्या निवडून घेतलं."

सांगून झाल्यावर मी थांबले. फोन चालू आहे ना म्हणून मी त्याला हाक मारली.

"हाय, हाय," तो म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "तुम्ही लई भल्या आहात, मॅडम."

"मी मनाचं सांगत नाही. असंच म्हणाल्या त्या."

"व्हय."

"खरंच असंच म्हणाल्या, उत्तरेश्वर."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. दमलेल्या मुलाची समजूत काढावी तसा. "अशी म्हणाली असती तर बरं झालं असतं."

मग त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, मुलगा काय करतो विचारलं, कधी परंड्याला आलात तर घरी या म्हणाला. आणि कामाची माणसं थांबली आहेत म्हणून फोन ठेवला.